सहा वर्षांचा मुलगा, चौसष्टीच्या सासूबाई आणि हेमकुंड: एका दिवसात जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नांदेडहून तुम्ही पाच जण जूनच्या पहिल्या आठवड्यात बद्रीनाथला निघालात: तुम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि चौसष्टीच्या सासूबाई. हरिद्वार ते हरिद्वार सात दिवस हाताशी आहेत. पहिला मुक्काम जोशीमठ, दुसरा हेमकुंडच्या पायथ्याचं घांगरिया, तिसऱ्या दिवशी पहाटे निघून हेमकुंडचं, म्हणजे उत्तराखंडातल्या शिखांच्या उंचावरच्या तीर्थाचं, तळं बघायचं, त्याच संध्याकाळी खाली गोविंदघाटला उतरायचं आणि मग बद्रीनाथ, असा बेत आहे. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, पण त्या रोज तासभर चालतात. मुलांनी कळसूबाई केलंय. आणि तुम्ही विचारताय, जमेल ना?

जमू शकतं, पण या बेतानं नाही. आणि पाचही जण तळ्यापर्यंत पोचणारच असं धरून तर अजिबात निघू नका. मी गेली बरीच वर्षं कुटुंबांचे गट घेऊन गढवालात जाते. हेमकुंडला कोण पोचतं आणि कोण अर्ध्यातून परततं, हे पायांच्या ताकदीवर फार कमी वेळा ठरतं. आदल्या दोन-तीन रात्री कुठे झोपलात आणि त्या सकाळी किती वाजता निघालात, यावर ते ठरतं. तुम्ही प्रश्न पायांचा विचारलाय. मी उत्तर रात्रींचं आणि घड्याळाचं देणार आहे.

कळसूबाईपासून सुरुवात करू, कारण जवळजवळ प्रत्येक मराठी कुटुंब हाच दाखला देतं. कळसूबाई १,६४६ मीटर. तुमचा सगळा ट्रेक घांगरियाच्या निम्म्या उंचीच्या जरा वर संपतो. घांगरिया ३,०५० मीटरच्या आसपास आहे आणि हेमकुंड ४,००० मीटरच्या बरंच वर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानानं साधारण ६० टक्के असतो. कळसूबाईनं मुलांना चढायची सवय लावली, शिड्यांची भीती घालवली, हे चांगलंच झालं. पण विरळ हवेची सवय सह्याद्रीतला कुठलाच गड लावत नाही. ती सवय चालून लागत नाही, उंचीवर रात्री काढून लागते. मॅरेथॉन धावणाऱ्या तरुणाला तिथे डोकेदुखीनं लोळताना आणि त्याच्या आईला शांतपणे दर्शन घेऊन उतरताना मी पाहिलंय. उंचीचा त्रास कुणाला होईल हे तब्येतीकडे बघून सांगता येत नाही.

आता अंतराचा हिशेब. घांगरियापासून तळं सहा किलोमीटर, आणि तेवढ्यात हजार मीटरहून जास्त चढण. डोंगरात फिरणारे लोक एक जुना ठोकताळा वापरतात: ताशी पाच किलोमीटर चाल, शिवाय दर ६०० मीटर चढणीला एक तास जास्तीचा. त्यानं धडधाकट माणसाला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, तेही न थांबता आणि नेहमीच्या हवेत. विरळ हवा, सहा वर्षांचं मूल, चहाचे थांबे आणि सासूबाईंची चाल धरली की त्याचे पाच तास होतात. उतरायला तीन. वर दर्शन, लंगर आणि थोडा विसावा यात तास-दीड तास. म्हणजे दिवस नऊ-साडेनऊ तासांचा. हेमकुंडला यात्रेकरूंना रात्री राहू देत नाहीत, दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली पाठवायला सुरुवात होते. साडेपाचला निघालात तर साडेदहाला वर पोचाल आणि अडीच-तीनला घांगरियात परत. नाश्ता करून आठला निघालात तर वर पोचेपर्यंत एक वाजतो, ढग भरून आलेले असतात, तळं दिसत नाही, आणि मुलाला घाईघाईनं खाली न्यावं लागतं. आपल्या लोकांचा दिवस सगळ्यात जास्त वेळा इथे बिघडतो: सकाळी, आंघोळी आणि पोह्यांत.

तुमच्या बेतातली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे त्याच संध्याकाळी गोविंदघाटला उतरणं. हेमकुंडहून सहा किलोमीटर उतरल्यावर घांगरिया ते पुलना आणखी नऊ-दहा किलोमीटर आहेत. पुलन्याहून जीप मिळते खरी, पण तोवर सासूबाईंच्या गुडघ्यांनी एका दिवसात सुमारे दोन हजार मीटर उतार झेललेला असेल. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना गुडघा दुखायला लागला की थांबूनही उपयोग होत नाही. थकलेलं लहान मूल उतारावर पाय घसरून पडतं, आणि शेवटचे तीन-चार किलोमीटर अंधारात जातात. हेमकुंडच्या रात्री घांगरियातच झोपा. यात तडजोड करू नका.

दुसरी गोष्ट, तुमचा क्रम उलटा आहे. बद्रीनाथ तुम्ही शेवटी ठेवलंय, ते आधी घ्या. बद्रीनाथ ३,१०० मीटरच्या वर आहे, म्हणजे जवळपास घांगरियाइतकंच, पण तिथे गाडी दारापर्यंत जाते. पहिल्या दिवशी हरिद्वारहून थेट जोशीमठ गाठायचा हट्ट सोडा. वाट पावणेतीनशे किलोमीटरची आहे, कागदावर होते, पण दहा-बारा तास वळणांवर बसल्यावर मूल उलट्या करून कोरडं पडतं, आणि पाणी कमी झालेल्या शरीराला उंची जास्त जाचते. पिपळकोटीला किंवा त्याच्या अलीकडे थांबा. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ गाठा आणि तिथे दोन रात्री काढा. मधल्या दिवशी दर्शन, तप्तकुंड, माणा गावापर्यंत निवांत चाल, भीमपूल. एवढंच, वसुधारा धबधब्यापर्यंत धावू नका. पहिल्या संध्याकाळी कुणाचं डोकं जड होईल, कुणाला भूक लागणार नाही. ते दुसऱ्या दिवशी निवळलं की समजा शरीर जुळवून घेतंय. चौथ्या दिवशी खाली गोविंदघाट, जीपनं पुलना आणि चालत घांगरिया. पाचव्या दिवशी हेमकुंड. म्हणजे हेमकुंडच्या पहाटेपर्यंत तुमच्या तीन रात्री ३,००० मीटरच्या वर झालेल्या असतील. तुमच्या मूळ बेतात ती एकच होती.

हे का महत्त्वाचं, ते नीट सांगते. वैद्यकीय सल्ला असा असतो की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. हेमकुंडची जमेची बाजू ही की तिथे मुक्कामच नाही. वर जाऊन पुन्हा ३,०५० मीटरवर येऊन झोपायचं. विरळ हवेचा त्रास बहुधा उंचीवर पोचल्यापोचल्या होत नाही, सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. तळ्यापाशी तास-दीड तास थांबून उतरणारा माणूस त्रास वाढण्याआधीच खाली आलेला असतो, म्हणूनच इतके वयस्कर भाविक हे दर्शन करून सुखरूप परततात. पण या गणितात एक अट दडलेली आहे. सकाळी घांगरियातून निघताना तुमचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर तो त्रास घांगरियाच्या उंचीचाच आहे आणि तुम्ही त्यावर आणखी हजार मीटर चढवणार आहात. म्हणून हेमकुंडला जायचं की नाही याचा निर्णय वाटेवर किंवा वर घ्यायचा नसतो. तो घांगरियात, पहाटे साडेचारला, खोलीत घ्यायचा असतो.

त्या वेळी मी काय बघते? मोठ्यांना विचारते की डोकं दुखतंय का, रात्री जेवण गेलं का, लघवी नेहमीसारखी होतेय का. नुसतं डोकं जड असेल तर पाणी पाजते, काहीतरी खायला देते, अर्धा तास थांबते. गेलं तर निघायचं. डोकेदुखी आहे आणि सोबत मळमळ किंवा चक्कर आहे, तर त्या माणसाचा दिवस घांगरियात. मुलांचं वेगळं असतं. सहा वर्षांच्या मुलाला ‘डोकं दुखतंय’ हे नेमकं सांगता येत नाही, तो पोट दुखतं म्हणेल किंवा नुसता गप्प होईल. त्याच्या आवडीचा खाऊ पुढे करा. तो नको म्हणाला, बहिणीशी भांडायचंही बंद झाला, कोपऱ्यात पडून राहिला, तर त्याला वर नेऊ नका. प्रवासाचा शीण असेल, सर्दी असेल, उंची असेल. काय आहे ते तिथे शोधत बसायचं नाही, उंचीच आहे असं धरून वागायचं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अनेक जण घेऊन येतात आणि आकड्याकडे बघून घाबरतात. गार बोटावर तो चुकीचं दाखवतो, आणि त्या उंचीवर आकडा घरापेक्षा कमी येणारच. माझा भरवसा माणसाकडे बघण्यावर जास्त आहे. दोन खुणा मात्र दिसल्या की मी कुणाचंही ऐकून घेत नाही: बसलेल्या जागी धाप लागणं आणि सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकताना तोल जाणं. पहिलं फुप्फुसात पाणी साठायला लागल्याचं असू शकतं, दुसरं मेंदूला सूज येत असल्याचं. दोन्हींवर उपाय एकच, ताबडतोब खाली, आणि त्या माणसाला एकटं पाठवायचं नाही. प्राणवायूच्या छोट्या डब्या दुकानात मिळतात. त्यांनी काही मिनिटं बरं वाटतं. ती मिनिटं उतरण्यासाठी वापरा, चढण्यासाठी नाही.

सासूबाईंबद्दल. बीपी आटोक्यात असेल तर नुसत्या बीपीमुळे त्यांना थांबवायची गरज मला दिसत नाही, पण हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा आहे. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी त्यांना भेटा आणि उंचीचा आकडा सांगून विचारा. नुसतं ‘बद्रीनाथला चाललोय’ म्हणू नका. ‘४,००० मीटरच्या वर, सहा किलोमीटर चढ’ असं सांगा. उंचीसाठी डायमॉक्सची गोळी घ्यायची का, बीपीच्या गोळीसोबत चालेल का, सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का, हे तिथेच विचारून घ्या. मुलांनाही ती गोळी डॉक्टरांनी वजन बघून सांगितल्याशिवाय देऊ नका. आणि कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घांगरियात घेऊ नका.

तळ्यात स्नान करायचा भाविकांचा प्रघात आहे, आणि सासूबाईंच्या मनात तो असणार. नांदेडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहजींनी जिथे देह ठेवला ते हजूर साहिब तुमच्या गावात, आणि मागच्या जन्मी त्यांनी जिथे तप केलं अशी श्रद्धा आहे ते हेमकुंड इथे. सासूबाईंची ओढ मला पूर्ण समजते. तरीही बीपी असलेल्या व्यक्तीनं आणि लहान मुलांनी त्या पाण्यात बुडी मारू नये असं मी कळकळीनं सांगते. अशा गार पाण्यात शरीर एकदम गेलं की श्वास अडकतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब झपकन चढतात. हातपाय धुवावेत, ओंजळीनं डोक्यावर पाणी घ्यावं. हे त्यांना घरीच, निघण्यापूर्वी, तुमच्या यजमानांनी सांगावं. मुलानं सांगितलेलं आई ऐकते, आणि तळ्याच्या काठावर वाद घालावा लागत नाही.

घोडा, कंडी, दंडी की पायी, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. सासूबाईंनी चढताना खेचर घ्यायला माझी हरकत नाही. उतरताना घेऊ नये. उतारावर खेचराच्या पाठीवर कंबरेला सतत हिसके बसतात आणि माणूस पुढे झुकून पडायची भीती असते. उतरताना दोन काठ्या घेऊन हळूहळू चालणं, किंवा गुडघे अगदीच बोलायला लागले तर दंडी, म्हणजे माणसांनी खांद्यावरून वाहायची खुर्ची. मुलाला एकट्याला खेचरावर बसवू नका. त्याच्यासाठी कंडी करा, म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, आणि ती पूर्ण दिवसासाठी ठरवा. तो चालेल तेवढा चालू दे, कंडीवाला रिकामी टोपली घेऊन सोबत राहील. यात पैसे जास्त जातात, पण तुम्हाला वाट माहीत असलेला तिसरा मोठा माणूस मिळतो, आणि तुमच्या घरात चालते-फिरते मोठे दोघंच आहेत. दर ठरलेले असतात, पावती घ्या आणि ‘वर थांबून परत’ असंच स्पष्ट बोला.

कंडीत किंवा खेचरावर बसलेल्यांकडे एका कारणासाठी जास्त लक्ष द्यावं लागतं. चालणारा घामाघूम असतो, त्याला थंडी जाणवत नाही, आणि तो त्याच अंदाजानं मुलाचे कपडे ठरवतो. मूल मात्र तीन-चार तास हलत नाही, गारठून जातं. दर अर्ध्या तासानं त्याचे हात-पाय चाचपून बघा. शिवाय बसून जाणारा माणूस दमत नाही, म्हणून तो ‘ठीक’ वाटतो, आणि उंची तर तो तुमच्यापेक्षा भराभर चढलेला असतो. त्याच्याशी बोलत राहा. वाटेत खेचरं आली की डोंगराच्या कडेला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही, हे मुलीला आधीच पक्कं शिकवा.

आता जूनच्या पहिल्या आठवड्याचं बोलू, कारण तुमच्या उत्तराचा मोठा भाग त्यावर अवलंबून आहे. हेमकुंडची दारं मे महिन्याच्या उत्तरार्धात उघडतात आणि ऑक्टोबरमध्ये बंद होतात. जूनच्या सुरुवातीला वर बर्फ असतो. फोटोत दिसतं ते निळं-हिरवं पाणी, त्यात उलटी पडलेली सात शिखरं, काठाची ब्रह्मकमळं, हे सगळं तेव्हा नसतं. तळं बहुतेक गोठलेलं किंवा अर्धं गोठलेलं सापडतं. मुलांना ‘निळं तळं’ सांगून नेलं तर ती हिरमुसतील. ‘गोठलेलं तळं’ सांगून न्या, त्यांना त्याचीही मजा येते. ब्रह्मकमळं जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सही १ जूनला उघडते, पण तिथे फुलांचा बहर जुलैच्या मध्यापासून पुढे.

त्या दिवसांत वाटेतला अटलाकोटीचा हिमपट्टा हा खरा चिंतेचा भाग. लष्कराचे जवान बर्फ कापून वाट काढतात, पण ती अरुंद असते, आणि खेचरं तिथून पुढे जातीलच असं नाही. म्हणजे सासूबाईंना सर्वात उंच आणि घसरडा टप्पा पायी करावा लागू शकतो. २०२३ च्या जूनमध्ये याच भागात हिमकडा कोसळून एका यात्रेकरू महिलेचा जीव गेला. त्याच वर्षी सुरुवातीच्या दिवसांत बर्फ जास्त असल्यानं प्रशासनानं लहान मुलांना आणि साठीच्या पुढच्यांना वर सोडलं नव्हतं. यंदा तसं झालं तर तुमच्यातले दोघं आपोआप खाली राहतील. म्हणून घांगरियात आदल्या संध्याकाळी गुरुद्वारात आणि खेचरवाल्यांकडे चौकशी करा: वाट कुठपर्यंत मोकळी आहे, खेचरं कुठपर्यंत जातात, आज मुलांना सोडलं का. हिमपट्टा सकाळी, बर्फ कडक असताना ओलांडा. दुपारी ऊन लागून तो भुसभुशीत होतो. त्यावर रेंगाळू नका, फोटोसाठी अजिबात नाही. पहाटे निघण्याचं हे दुसरं कारण.

तुम्हाला सवड काढता आली, तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा या कुटुंबासाठी माझ्या मते सर्वात चांगला. वाट मोकळी, खेचर वरपर्यंत, पाऊस ओसरत आलेला, तळ्यात पाणी आणि काठावर अजून ब्रह्मकमळं. शाळा बुडेल, हे मला कळतं. जुलै-ऑगस्ट फुलांसाठी उत्तम, पण तेव्हा पागलनाल्यासारख्या ठिकाणी दरड येऊन रस्ता तासन्‌तास बंद राहतो, आणि लहान मूल घेऊन गाडीत तसं अडकणं फार हाल करतं. दिवाळीच्या सुट्टीचा विचार मात्र सोडून द्या, तेव्हा दारं बंद झालेली असतात.

जूनमध्येच जायचं असेल तर कपड्यांकडे लक्ष द्या. नांदेडला पारा चाळीशीच्या पुढे असताना तुम्ही बॅगा भरणार, आणि त्या उन्हात लोकरी कपडे हातात घ्यावेसे वाटत नाहीत. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. सुती बनियन आणि जीन्स घालून चढू नका. घामानं किंवा पावसानं भिजलेलं सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट, वर लोकरी किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट किंवा पोंचो. लोकरी कानटोपी सगळ्यांना. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन डोळ्यांना लागतं, म्हणून मुलांनाही काळा चष्मा हवाच. एक गोष्ट हमखास राहून जाते: कोरड्या जाड मोज्यांचा जादा जोड. गुरुद्वारात बूट काढावे लागतात आणि फरशी भयंकर गार असते. ओल्या मोज्यांनी मूल तिथे दहा मिनिटंही टिकत नाही. डोक्याला बांधायला रुमालही जवळ ठेवा.

खाण्याचं सोपं आहे. मोसमात वाटेवर चहाची दुकानं असतात, वर लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा मिळतो. तो चहा त्या थंडीत इतका छान लागतो की मुलं परत परत मागतात. तुमच्याकडून गूळ-शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, खजूर घ्या. उंचीवर भूक मरते, म्हणून ‘भूक लागली की खाऊ’ असं न म्हणता दर तासाला दोन घास आणि चार घोट पाणी, तहान असो-नसो. रोख पैसे खालूनच घेऊन जा. फोनच्या नेटवर्कवर विसंबून दोन गटांत चुकामूक होऊ देऊ नका.

गट म्हणाले, कारण माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा तोच आहे. निघण्याआधी, घरीच, जेवायला बसलेले असताना ठरवा की कुणाला परतावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. मुलगा परतला तर आई की बाबा? सासूबाई परतल्या तर? मुलीला चढायचंच असेल तर ती कोणाबरोबर जाईल? डोंगरात ऐन वेळी हे ठरवायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्यासाठी त्याग करायला निघतो, सासूबाई ‘तुम्ही जा, मी इथे बसते’ म्हणतात, आणि एक वयस्कर बाई चहाच्या टपरीवर चार तास गारठत एकटी बसून राहते. तसं करायचं नाही. परतणारा माणूस सोबतीनं घांगरियापर्यंत परततो. दुसरं, परतायची वेळही आधीच ठरवा. तुमच्यासाठी मी साडेअकरा म्हणेन. साडेअकराला जिथे असाल तिथून मागे वळायचं, मग गुरुद्वाराचं छप्पर समोर दिसत असलं तरी. हे मुलीला सांगा आणि तिच्या हातात घड्याळ द्या. बारा वर्षांच्या मुलीला दिलेली जबाबदारी ती मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळते असा माझा अनुभव आहे.

आता दिवसांचा हिशेब. मी सांगितलेल्या क्रमानं सहाव्या दिवशी तुम्ही घांगरियाहून उतरून जोशीमठ किंवा पिपळकोटी गाठाल आणि सातव्या दिवशी हरिद्वार. म्हणजे सात दिवसांत बसतं, पण दरड, पाऊस किंवा मुलाच्या तापासाठी एकही दिवस हाताशी राहत नाही. आठवा दिवस काढा. तो अजिबातच निघत नसेल, तर मी हेमकुंड पाचही जणांसाठी रद्द करेन आणि बद्रीनाथला जास्त निवांत राहीन. परतीच्या गाडीची वेळ डोक्यावर असली की माणसं डोकेदुखी लपवून चढतात, आणि मला त्याचीच भीती वाटते. गोविंदघाट ते घांगरिया हेलिकॉप्टरनं दिवस वाचवायचा विचार येईल. मोसमात सेवा असते. सासूबाईंच्या पायांसाठी ती चांगली, पण जोशीमठहून सकाळी निघून काही मिनिटांत घांगरियात उतरायचं आणि दुसऱ्या पहाटे हेमकुंड चढायचं असं करू नका. बद्रीनाथच्या दोन रात्री आधी झालेल्या असतील तरच हरकत नाही.

आणि मुलांना डोंगरातलं तळं दाखवायचं एवढाच मूळ हेतू असेल, तर परतीच्या वाटेवर देवरियाताल आहे. चमोलीहून गोपेश्वर, चोपता मार्गे उखीमठकडे येताना सारी नावाचं गाव लागतं. तिथून तीन किलोमीटरच्या आतबाहेर चढ, आणि तळं २,४०० मीटरच्या जरा वर. सहा वर्षांचा मुलगा स्वतःच्या पायांनी जाईल, सासूबाईही जातील. हवा स्वच्छ असेल तर पाण्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब पडतं. त्यासाठी आदल्या संध्याकाळी सारीत मुक्काम करा आणि उजाडताच निघा, नऊ-दहानंतर ढग शिखर झाकतात. हा रस्ता धरला तर हरिद्वारला पोचायला एक दिवस जास्त लागेल. म्हणून परतीचं रेल्वेचं आरक्षण करण्याआधी घरात बसून ठरवा की आठवा दिवस हेमकुंडसाठी राखून ठेवायचा की देवरियातालसाठी, आणि यात्रेची नोंदणी त्याप्रमाणे तारखा टाकून करा.